सप्त्याच्या पत्रिकेतली पाचवी ओळ

“आजोबा, यंदा सप्त्याची पत्रिका एखाद्या पोरीनं केली तर मारुतीराया कोपतो का?”

मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या सप्ताह समितीच्या अकरा माणसांनी एकदम माना वर केल्या. एकाच्या तळहातावरचा चुना तंबाखूवर तसाच वाळत राहिला. प्रश्न विचारणारी राजेश्री नववीत होती. सहावीपर्यंत हजेरी देताना सुद्धा जिचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढं गेला नव्हता, ती हीच. आणि भिंतीच्या मागं तोंडावर ओढणी दाबून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी माधवी आणि सुकेशनी यांनी पैज लावली होती की ही मरून जाईल पण हा प्रश्न विचारणार नाही. हरली तर दोघींच्या विज्ञानाच्या वह्यांतल्या सगळ्या आकृत्या हिनं काढायच्या. राजेश्रीला आकृत्यांचा भयंकर कंटाळा. जगात पुष्कळ धाडसं एवढ्याच कारणानं झालेली असावीत.

बन्सीधर आजोबा बावीस वर्षं समितीचे अध्यक्ष होते, आणि नात्यानं राजेश्रीच्या वडलांचे चुलते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कोपत न्हाई,” ते म्हणाले. “पण बाई, पत्रिका म्हंजे पोह्याची बशी न्हाई. सात दिवसाच्या सात पंगती, रोज एका घराची. एक घर हुकलं तर दोन वर्षं कुणी कुणाच्या दारात जात न्हाई गावात.”

“न्हाई हुकणार. माझ्या हाताखाली मशीन हाय.”

हे वाक्य तिनं ज्या थाटात टाकलं, तो थाट पुढं तिला फार महागात पडला.

मशीन म्हणजे शाळेचा जुना लॅपटॉप. संगणकाच्या सत्यशीला मॅडमनी त्यात एक एआय बसवून दिला होता. हा नुसता गप्पा मारणारा नव्हे. हा स्वतः मजकुराची फाइल उघडायचा, वाचायचा, ओळी बदलायचा, जतन करायचा. त्यासाठी त्याच्या हातात चार टूल, म्हणजे चार अवजारं दिलेली. फक्त प्रत्येक अवजारापुढं वर्णनाचा रकाना मोकळा ठेवलेला. तो पोरांनी भरायचा, आणि एआयनं ते वर्णन वाचूनच अवजार चालवायचं.

“समजा घरी नवा गडी ठेवला,” मॅडमनी समजावलं होतं. “अतिशय हुशार, पण तुमचं गाव त्यानं आयुष्यात बघितलेलं नाही. त्याला ‘पलीकडच्या वावरात जा’ एवढंच सांगितलं तर तो जाईल. पण कुणाच्या वावरात जाईल?”

सगळा वर्ग हसला. राजेश्री सगळ्यात मोठ्यानं हसली. मग तिनं पाच मिनिटांत चारही रकाने भरले. ‘बदल’ या अवजारापुढं लिहिलं : ‘दिलेल्या नंबरची ओळ काढून नवी ओळ टाकते.’ वाचलं, तिचं तिलाच आवडलं. खाली लपेटदार सही करायची सोय नव्हती, एवढीच खंत राहिली.

लॅपटॉप घरी न्यायला हमीपत्र लागलं, हमीपत्राला वडलांची सही लागली, सहीला आधारची झेरॉक्स लागली, आणि झेरॉक्सवाल्याची लाइट दोन दिवस गेलेली होती. तरी तिसऱ्या दिवशी मशीन घरात आलं. शेजारच्या चतुराबाईंनी बजावलं, “आधी हळद-कुंकू वाहा त्याला. उघड्यावर ठेवू नको, नजर लागती.” आणि राजेश्री बोलायच्या आत वाहून मोकळ्याही झाल्या. त्यामुळं स्पेसबारखाली कुंकू गेलं आणि पुढं कायम दोन शब्दांमधी जागा पाडायची तर अंगठ्यानं बुक्की मारावी लागली.

त्याचं नाव तिनं ‘गडी’ ठेवलं. मंग काय, हुकूम सोडायची चंगळच. “गड्या, सगळ्या महाराजांच्या नावाआधी ह.भ.प. लाव.” लावलं. “गड्या, मंडपवाल्याचं नाव खाली घे.” घेतलं. दर वेळी शेवटी नम्रपणे उत्तर यायचं : ‘काम झालं.’ तिच्या घरात आजवर कुणीच तिला असं उत्तर दिलेलं नव्हतं.

पंगतींच्या नावांची फाइल वेगळी होती. सात नावं, ओळीनं. परभणीचा प्रेसवाला त्यांच्या शेजारी सोमवारपासून वार टाकायचा. तिसऱ्या नावावर रंगनाथ आबा, चौथ्यावर योगीराज काका, आणि पाचव्यावर नुसतं ‘सप्ताह समिती’, कारण शुक्रवारची पंगत यंदा कुणी घेतली नव्हती.

अशात एका दुपारी वैजीनाथ काकांचा फोन आला. वैजीनाथ आणि दैवशाला काकू दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते थेट सप्त्यापाशी परतायचे. एकोणीस वर्षं दोघांनी दुसऱ्याच्या पंगतीत वाढलं, पाणी घातलं, पत्रावळी उचलल्या. मागून उसावर कोयत्याचा सपसप आवाज येत होता.

“पोरी, यंदा आमची पंगत लिव्ह. शुक्रवार. बेस्तरवारी काम आटपून ट्रक निघतो, शुक्रवारी दिवस उगवायला गावात. गव्हाची खीर सांग म्हणती तुझी काकू.”

“नुसती खीर न्हाई गं,” दैवशाला काकूंनी फोन ओढून घेतला, “वर तूप पण! आन् नाव मोठ्या अक्षरात!”

राजेश्री पळत बन्सीधर आजोबांकडं गेली. ते म्हशीचं दूध काढत होते. मान न वळवता म्हणाले, “टाक की. समितीचं काढ, त्याचं टाक.” आली, बसली, हुकूम सोडला : “बन्सीधर आजोबांच्या परवानगीनं पाचव्या ओळीत वैजीनाथ काकांचं नाव टाक.”

‘काम झालं.’

आता कुणी म्हणेल की छापायच्या आधी कुणी वाचलं नाही का? वाचलं की. समितीच्या अकराही जणांनी प्रूफ वाचलं. पण गावात प्रूफ वाचायचं म्हणजे आपलं नाव शोधायचं. ते सापडलं, त्याच्याआधी ‘श्री’ आहे आणि भावकीतल्या माणसाच्या खाली नाही, एवढं बघितलं की प्रूफ वाचून होतं. योगीराज काका समितीत नव्हतेच, ते समितीला तुच्छ मानायचे. राजेश्रीनं तर वाचलंच नाही. गड्यानं सांगितलं होतं ना, काम झालं म्हणून.

सहाशे पत्रिका आल्या. गुळगुळीत कागद, चार रंग, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मांडणी : कु. राजेश्री’. आईनं, विजयमालाबाईंनी, एक पत्रिका देवघरात ठेवली. वडलांनी, अण्णांनी, एक खिशात ठेवली आणि दिसेल त्याला कारण नसताना किती वाजले ते सांगायच्या मिषानं खिशातून घड्याळाऐवजी पत्रिका काढायला लागले. दोन प्रती लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेल्या आणि एक शिक्का मारून परत आली. सप्ता सोमवारी बसणार होता.

शनिवारी सकाळी दारात बुलेट थांबली. योगीराज काका आत आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांनी पत्रिका पुढं धरली.

“वाच.”

राजेश्रीनं वाचलं. बुधवार, रंगनाथ. गुरुवार, वैजीनाथ. शुक्रवार, सप्ताह समिती. ती पुन्हा वरून खाली आणि मग खालून वर वाचत गेली. योगीराज काका कुठंच नव्हते. सात नावांच्या यादीतून एक अख्खा माणूस, त्याच्या बुलेटसकट, नाहीसा झाला होता.

“माझे व्याही येणार हायेत गुरुवारी पंगतीला. पाथरीहून. त्यांना काय दाखवू, ह्यो मंडपवाल्याचा फोटो?”

“काका, ते मशीननं...”

“मशीनला माझं घर माहीत न्हाई. तुला हाय. का न्हाई?” ते अण्णांकडं वळले. “नाव न्हाई तर पंगत न्हाई. सांगा तुमच्या चुलत्याला.”

बुलेट गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही. अण्णांनी खिशातली पत्रिका हळूच काढून रेडिओखाली सरकवली. राजेश्रीला वाटलं ते नुसतं भय नव्हतं. तिचा अपमान झाला होता, आणि तोही तिच्या गड्यानं केला होता. पाचवी म्हटलं होतं मी! पाचवी!

पण हिंमत सोडेल ती राजेश्री कसली. दुरुस्तीची चिठ्ठी छापायची आणि घरोघर जाऊन पत्रिकेवर चिकटवायची. ती गड्यासमोर बसली आणि शहाण्या माणसानं अडाण्याला समजवावं तशी एकेक अक्षर दाबून (स्पेसला बुक्की मारून) लिहिती झाली : “नीट ऐक. चौथ्या ओळीत योगीराज. पाचव्या ओळीत वैजीनाथ.”

‘काम झालं.’

शाळेच्या प्रिंटरवर चिठ्ठ्या निघाल्या. रविवारी उन्हाच्या तिघी जणी डिंकाची वाटी घेऊन निघाल्या. माधवी लावायची, सुकेशनी दाबायची, राजेश्री घराघरात खुलासा द्यायची. प्रत्येक घरी पाणी, प्रत्येक घरी सल्ला. एकजण म्हणाले, चिठ्ठी पिवळी पाहिजे होती, दुरुस्ती पिवळ्यावरच करतात. एकीनं विचारलं, आमच्या नंदेचा नंबर टाकता येईल का, तिच्या शिलाईच्या क्लासची जाहिरात होईल. एकशेचाळीस घरं झाली. मारवाड्याच्या दुकानाच्या सावलीला सुकेशनी चिठ्ठी दाबता दाबता थांबली.

“राजे, रंगनाथ आबा कुठं गेले गं?”

“घरी असतील. कामून?”

“घरी न्हाई. हितं.”

राजेश्रीनं चिठ्ठी हिसकावली. बुधवार, योगीराज. गुरुवार, वैजीनाथ. शुक्रवार, सप्ताह समिती. योगीराज काका परत आले होते, पण येताना रंगनाथ आबांना खाऊन आले होते, आणि तेही चुकीच्या दिवशी.

“आपण उरलेल्या घरी न लावता पळून जाऊ,” माधवी म्हणाली.

“कुठं?”

“चुडाव्याला. माझी मावशी हाय. स्टेशन पण हाय.”

पळायची वेळ आली नाही, कारण रंगनाथ आबाच समोरून आले. हातात पत्रिका, पत्रिकेवर ओला डिंक, डिंकाला चिकटलेली त्यांची बोटं. सत्तरीचा माणूस, कधी आवाज चढवला नाही. आत्ताही चढवला नाही. “माझ्या बापापासनं बुधवार आमचा हाय, बाळा,” एवढंच म्हणाले, आणि पत्रिका हातातून सुटेना म्हणून तशीच घेऊन गेले. योगीराज काकांची बुलेट परवडली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी वैजीनाथ काकांचा फोन आला. कुणीतरी पत्रिकेचा फोटो पाठवला होता.

“पोरी, बेस्तरवारी नाव हाय आमचं.”

“काका, चूक झाली, मी...”

“असू दे. बेस्तरवारी आमी ट्रकात. ज्याची पंगत त्यानं हाजीर नको का राहायला?” ते हसले, पण ते हसणं मधेच तुटलं. “काकूला सांगितलं न्हाई अजून. तिनं मुकादमाच्या बायकोला सुद्धा आवतण दिलंय. बघू, पुढल्या वर्षी.”

पुढल्या वर्षी. राजेश्रीनं फोन ठेवला. दैवशाला काकूंचं ते ‘मोठ्या अक्षरात’ तिला सारखं ऐकू येत राहिलं.

सोमवारी सकाळी, सप्त्याच्या पहिल्याच दिवशी, ती लॅपटॉप छातीशी धरून सत्यशीला मॅडमपुढं उभी राहिली. “मॅडम, ह्याला मोजता येत न्हाई. हा बिघडलेला हाय. दुसरा द्या.”

मॅडमनी लॅपटॉप घेतला नाही. “वर्णन वाचून दाखव.”

“दिलेल्या नंबरची ओळ काढून नवी ओळ टाकते.”

“नंबर कुठून मोजायचा?”

“वरून! पहिल्या ओळीपासून! एवढं कुणाला पण कळतं.”

“बरं. फाइल उघड. सगळ्यात वरची ओळ वाच.”

राजेश्रीनं फाइल उघडली. सगळ्यात वर लिहिलं होतं : ॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

तिनंच लिहिलं होतं. पोखर्णीचा नृसिंह घरोघरचा देव. गावात कोरा कागद हातात आला की आधी ही ओळ पडते, मग तो वहीचा असो, किराण्याचा असो की ग्रामसभेचा. आणि ती ओळ कुणी मोजत नाही. शाळेत ‘तिसरी ओळ वाचा’ म्हटलं की देवाला सोडून तिसरी. देवाची ओळ मोजायची, हे तिच्या डोक्यात जन्मात आलं नसतं. गड्याच्या डोक्यात मात्र, ती मोजायची नाही, हे आलं नव्हतं. तो या गावचा नव्हता. त्यानं देवाला एक म्हटलं, आणि प्रत्येक माणूस एका ओळीनं खाली ढकलला गेला. तिनं पाचवी म्हटली की तो योगीराज काकांच्या अंगणात जायचा. अगदी नेमका. दोन्ही वेळा.

“पलीकडचं वावर,” मॅडम म्हणाल्या.

राजेश्रीचे कान तापले. पण ती रडली नाही. तिथंच बाकावर बसून तिनं वर्णन नव्यानं लिहायला घेतलं, आणि या खेपेला पाच मिनिटांत झालं नाही. ‘फाइलमधली सगळ्यात वरची ओळ म्हणजे नंबर एक. तिच्यात देवाचं नाव असलं तरी ती मोजायची. नंबराबरोबर त्या ओळीवरचं जुनं नाव पण मागायचं. तिथं तेच नाव नसलं तर ओळीला हात लावायचा नाही, थांबून विचारायचं. बदल केल्यावर काम झालं एवढंच म्हणायचं नाही. सगळी यादी वरून खाली वाचून दाखवायची.’

मग तिनं मुद्दाम जुनाच हुकूम दिला, पण या खेपेला जुन्या नावासकट : “पाचवी ओळ, सप्ताह समिती, तिथं वैजीनाथ.”

उत्तर आलं : ‘पाचव्या ओळीवर सप्ताह समिती नाही, ते नाव सहाव्या ओळीवर आहे. सहावी बदलू का?’

तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्याला पाय नव्हते. शिवाय स्वतःची फजिती इतक्या अदबीनं झालेली तिनं पहिल्यांदाच बघितली.

दुपारी मंदिरात समिती बसली. राजेश्री अण्णांच्या मागं उभी राहिली. बन्सीधर आजोबांनी निकाल तयारच ठेवला होता. रंगनाथचा बुधवार रंगनाथला, योगीराजचा गुरुवार योगीराजला. माइकवर सांगून टाकायचं की मशीन बिघडलं. पोरीचा दोष नाही.

“आन् शुक्रवार?” राजेश्रीनं विचारलं.

“शुक्रवार समितीचाच छापलाय की. ठाण्याचा शिक्का हाय त्याच्यावर. सरकारी कागद झाला तो आता.”

“पण शुक्रवार वैजीनाथ काकांचा हाय.”

“कुठं लिवलंय? त्याचं नाव गुरुवारला हाय. गुरुवारी तो न्हाई. पंगत गेली त्याची.” आजोबांनी हात झटकले. “पुढल्या वर्षी बघू.”

“आजोबा, तुमी म्हणला होता, समितीचं काढ, त्याचं टाक. म्हशीपाशी.”

“म्हशीपाशी मी लय बोलतो.”

अकरा माणसं हसली. अण्णांनी मागं हात करून तिचं मनगट धरलं, गप बस अशा अर्थानं. आणि खरं सांगायचं तर सगळं छान जमलं होतं. योगीराज काका खूष, रंगनाथ आबा खूष, दोष मशीनचा, पत्रिकेच्या कोपऱ्यातलं ‘कु. राजेश्री’ शाबूत. मशीन तर तक्रार करणारच नव्हतं. एवढ्यासाठी एकच घर वगळलं जात होतं, आणि त्या घरच्या माणसांना अजून कोयते धुवायचे होते.

ती घरी आली. आई चहा गाळत होती, अण्णा खाटेवर टेकले होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. मंदिरात हरिपाठाचे टाळ वाजायला लागले होते. कीर्तनाच्या आधी माइक बन्सीधर आजोबांच्या हातात जाणार होता. त्याला अजून अर्धा तास होता.

राजेश्रीनं लॅपटॉप उघडला. सगळे हुकूम तारखेसकट तिथं होते. ‘बन्सीधर आजोबांच्या परवानगीनं पाचव्या ओळीत.’ शुक्रवार कुणाचा, याचा गावात एवढाच लेखी पुरावा होता. पण तो दाखवायचा तर त्याच्या शेजारचं तिचं ते झोकदार वर्णनही दाखवावं लागणार होतं. मग मशीन बिघडलं नव्हतं हे पण सांगावं लागणार होतं.

तिनं यादी वहीच्या पानावर उतरवली. वर देवाची ओळ लिहिली आणि तिच्यापुढं ठळक एकचा आकडा घातला. खाली एकेक नाव. सहाव्या ओळीवरचं नाव मोठ्या अक्षरात.

“अण्णा, आई,” ती उभी राहिली, “मी मंदिरात चालले. माइक मीच मागणार.”

“आता कशाला?” अण्णा ताडकन उठले. “मिटलं ना सगळं?”

“न्हाई मिटलं. मशीन बिघडलेलं न्हाई. मी त्याला अर्धवट सांगितलं होतं, आन् ते मी सगळ्या गावासमोर सांगणार हाय.”

“अगं, लोक हसतील!” आई म्हणाली. “आन् आजोबा? त्यांना भर सप्त्यात खोटं पाडणार तू?”

“खोटं न्हाई पाडत. त्यांनी परवानगी दिली होती म्हणून त्यांचे आभार मानणार.” तिनं ओढणी खोचली, लॅपटॉप काखेत मारला आणि चपला शोधायला लागली. “पत्रिका पोरीनं केली, पोरीनं चुकवली, आता पोरच दुरुस्त करणार. शुक्रवारची पंगत वैजीनाथ काकांची. ट्रक येईपर्यंत चुलवणाला जाळ मी लावणार, माधवी आन् सुकेशनीला पण धरून आणणार. तू आजच गहू निवडायला घे, आई. खीर लागंल. वर तूप पण.”